चिंचोके, वाल आणि ‘गो’

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचायला बसण्यापूर्वी थोडी जमवाजमव करा. चाळीसएक चिंचोके आणि तितकेच पांढरे वाल घ्या. (वाटाणे किंवा काबुली हरभरे नकोत, ते घरंगळतात आणि रंगात आलेला डाव मोडतो.) घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो काढा. त्यावर चौसष्ट घरे असतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. आज मात्र घरे मोजायची नाहीत, रेषा मोजायच्या. बाहेरच्या कडा धरून उभ्या रेषा नऊ, आडव्याही नऊ; म्हणजे त्या एकमेकींना ९ × ९ = ८१ ठिकाणी छेदतात. या ८१ छेदबिंदूंवर आपल्याला खेळायचे आहे. नवकंकरी खेळलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तेथेही सोंगटी रेषा जेथे मिळतात तेथेच बसते. पट नसेल तर पुठ्ठ्यावर पट्टीने आखून घ्या.

झाला ‘गो’चा पट तयार! खरा पट याहून मोठा, १९ × १९ रेषांचा, म्हणजे ३६१ छेदबिंदूंचा असतो. पण नवशिक्याला नऊ रेषांचा पटच बरा. जपानमध्येही मुलांना बहुधा याच लहान पटावर बसवतात.

हा खेळ मूळचा चीनचा. तेथे त्याला ‘वेइची’ म्हणतात. अर्थ, वेढण्याचा खेळ. कोरियात तो ‘बादुक’ होतो. जगभर पसरलेले ‘गो’ हे नाव जपानी आहे. चीनच्या दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत त्याचे उल्लेख सापडतात. जपानमध्ये तर १६१२ साली राज्यकर्त्यांनी निवडक खेळाडूंना चक्क वर्षासने बांधून दिली आणि पुढे गो खेळणाऱ्यांची चार घराणी नावारूपाला आली. आपल्याकडे गवयांची घराणी असतात ना, तशीच. गुरूकडे राहून शिकायचे, आणि घराण्याचे नाव राखायचे.

इतिहास येथेच ठेवू. भौतिकी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या खेळाचे कुतूहल वाटते ते वेगळ्या कारणासाठी. याचे नियम एका पोस्टकार्डावर मावतात. तरीही बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला संगणकाने हरवले त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे हा खेळ संगणकांना दाद देत नव्हता. मग एके दिवशी संगणक तो शिकला. तो कसा शिकला, आणि आपण शिकतो तसाच शिकला काय, हे पाहायचे आहे. पण ते समजण्यासाठी आधी आपल्याला शिकले पाहिजे. तेव्हा चिंचोके हातात घ्या.

श्वास मोजा

एक खेळाडू काळा, म्हणजे चिंचोकेवाला. दुसरा पांढरा, म्हणजे वालवाला. सुरुवातीला पट रिकामा असतो. काळा प्रथम खेळतो. आपली पाळी आली की एक सोंगटी कोणत्याही रिकाम्या बिंदूवर ठेवायची. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलवायची नाही. राजा नाही, वजीर नाही, उंट-घोडे नाहीत. सगळ्या सोंगट्या सारख्या.

पटाच्या मध्यभागी एक चिंचोका ठेवा. त्याच्यापासून निघणाऱ्या रेषांवर लगतचे चार बिंदू रिकामे आहेत. हे त्याचे चार श्वास. ‘श्वास’ हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. चिनी भाषेतही या मोकळ्या बिंदूंना हवा, श्वास अशा अर्थाचाच शब्द आहे. चिंचोका कडेच्या रेषेवर ठेवलात तर श्वास तीन, कोपऱ्यात ठेवलात तर दोनच. आता चारही बाजूंना वाल ठेवून पाहा. चिंचोक्याचा श्वास कोंडला! असा चिंचोका पटावरून उचलला जातो आणि वालवाल्याचा कैदी होतो. तिरक्या बाजूचे बिंदू मात्र मोजायचे नाहीत. तेथे रेषा जात नाही.

रेषेने जोडलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्या म्हणजे एक साखळी. साखळीचे श्वास सामाईक असतात, आणि जगली तर सगळी साखळी जगते, मेली तर सगळी मरते. लगत दोन चिंचोके ठेवा आणि मोजा: श्वास सहा. सरळ रेषेत तीन ठेवा: आठ. तेच तीन काटकोनात वाकवून ठेवा, आणि पुन्हा मोजा. सात! काटकोनाच्या आतला बिंदू दोघांच्या वाट्याला येतो म्हणून एक श्वास कमी पडला. चार सोंगट्या सरळ ठेवल्या तर दहा श्वास, चौकोनात ठेवल्या तर आठच. म्हणजे सोंगट्या तेवढ्याच, पण आकार बदलला की बळ बदलते. जाणते खेळाडू काटकोनातला तो रिकामा त्रिकोण पाहिला की तोंड वाकडे करतात ते उगाच नव्हे.

एकच श्वास उरलेल्या स्थितीला जपानी भाषेत ‘आतारी’ म्हणतात. अमेरिकेत १९७२ साली निघालेल्या ‘अटारी’ या व्हिडिओ खेळांच्या कंपनीने आपले नाव येथूनच घेतले.

दोन डोळ्यांचे जीवदान

आता एक छोटा प्रयोग करू. मधला एक बिंदू रिकामा ठेवून त्याच्याभोवती आठ चिंचोक्यांचे चौकोनी कडे करा. या साखळीला बाहेरून बारा श्वास आहेत आणि आत एक, एकूण तेरा. वालवाल्याने बाहेरचे बाराही बिंदू व्यापले. आता उरला आतला. तेथे वाल ठेवावा तर त्याला स्वतःला एकही श्वास नाही. आणि जेथे आपल्याच सोंगटीचा श्वास कोंडतो तेथे ती ठेवायची नाही, असा नियम आहे. मात्र त्याच खेळीने शत्रूचा शेवटचा श्वास संपत असेल तर ती चालते, कारण शत्रू आधी उचलला जातो आणि जागा मोकळी होते. म्हणून वाल आत बसतो, आणि आठही चिंचोके उचलले जातात.

या कड्याला आत एकाऐवजी दोन वेगवेगळी छिद्रे असती तर? वालवाल्याने एका छिद्रात सोंगटी ठेवावी तर दुसऱ्या छिद्राचा श्वास शिल्लक, म्हणून ती खेळी निषिद्ध. दुसऱ्यात ठेवावी तर पहिल्याचा श्वास शिल्लक. दोन्ही छिद्रे एकदम भरता येत नाहीत, कारण एका पाळीला सोंगटी एकच! म्हणजे ही साखळी कधीच मरणार नाही. या छिद्रांना डोळे म्हणतात. दोन डोळे असलेले अमर, हा नियम कोणी नियमपुस्तकात घातलेला नाही. तो वरच्या दोन-तीन नियमांमधून आपोआप निघाला, भूमितीत गृहीतकांतून प्रमेय निघते तसा. मला गोमध्ये सर्वांत जास्त काय आवडत असेल तर हेच.

आणखी एक नियम उरला. कधीकधी अशी स्थिती येते की मी तुमची एक सोंगटी उचलली, लगेच तुम्ही माझी उचलली, आणि पट पुन्हा पूर्वीसारखाच झाला. हे अनंत काळ चालेल. म्हणून असे लगेच परत उचलता येत नाही; मध्ये एक खेळी दुसरीकडे करावी लागते. या स्थितीला जपानी नाव ‘को’. ते ज्या चिनी चिन्हाने लिहितात त्याच चिन्हाने बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘कल्प’ हा शब्द लिहितात. कल्प म्हणजे केवढा काळ हे तुमच्या आजीला विचारा.

दोघांनाही वाटले की आता खेळण्यासारखे काही उरले नाही, तर दोघे लागोपाठ आपली पाळी सोडतात आणि डाव संपतो. मोजणीची चिनी पद्धत नवशिक्यांना सोयीची: पटावरच्या आपल्या जिवंत सोंगट्या अधिक त्यांनी वेढलेले रिकामे बिंदू. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. पहिला खेळणाऱ्याला थोडा फायदा मिळतो, म्हणून मोठ्या पटावर पांढऱ्याला भरपाई देतात, जपानमध्ये साडेसहा गुण आणि चीनमध्ये साडेसात. अर्धा गुण कशाला? बरोबरी होऊ नये म्हणून!

डाव संपत येतो तेव्हा पटाचे लहान लहान तुकडे पडतात आणि एकातील खेळीचा दुसऱ्याशी संबंध उरत नाही. केंब्रिजचे गणिती जॉन कॉन्वे यांनी असे शेवट पाहून विचार केला की हे स्वतंत्र तुकडे बेरजेसारखे मिळवता येतील का. त्या विचारातून वास्तव संख्यांच्याही पलीकडे पसरलेली संख्यांची एक नवीच व्यवस्था जन्माला आली. खेळण्यात वेळ वाया गेला असे दर वेळी म्हणता येत नाही, ते असे.

कोपरा आणि शिडी

नियम कळले, पण खेळायचे कोठे? पहिल्या डावात सगळेच पटाच्या मध्यभागी धाव घेतात. आपण मोजून पाहू. तीन-गुणिले-तीन, म्हणजे नऊ रिकामे बिंदू वेढायचे आहेत. पटाच्या मध्यभागी चारही बाजू बंद कराव्या लागतात, म्हणून सोंगट्या लागतील बारा. कडेला एक बाजू पटानेच बंद केलेली असते. तेथे नऊ पुरतात. कोपऱ्यात दोन बाजू आयत्या मिळतात, सहाच पुरतात. घराच्या दोन भिंतींचा आधार घेऊन कुंपण घालावे तसेच हे. म्हणून आधी कोपरे, मग कडा, आणि शेवटी मध्यभाग.

दुसरा धडा शिडीचा. उभ्या रेषांना डावीकडून आणि आडव्या रेषांना खालून १ ते ९ क्रमांक द्या. पहिला आकडा उभ्या रेषेचा, दुसरा आडव्या रेषेचा. चिंचोका ४-४ वर ठेवा. वाल ठेवा ३-४, ४-३ आणि ५-३ वर. खेळी वालवाल्याची. तो ४-५ वर खेळतो. चिंचोक्याला एकच श्वास उरतो. तो ५-४ वर पळतो. आता श्वास दोन. वाल ६-४ वर. पुन्हा एकच श्वास. चिंचोका ५-५, वाल ५-६, चिंचोका ६-५, वाल ७-५... असे खेळत राहा. चिंचोके जिन्याच्या पायऱ्यांसारखे तिरके वर चढत जातात, प्रत्येक पायरीवर दोन श्वास मिळतात आणि लगेच एक जातो. शेवटी पटाची कड येते आणि दहाच्या दहा चिंचोके उचलले जातात. पळणाऱ्याने पहिल्या पायरीवरच विचार केला असता तर नऊ सोंगट्या वाचल्या असत्या.

आता तोच प्रयोग पुन्हा मांडा, पण सुरुवातीलाच एक चिंचोका ७-७ वर ठेवा. शिडी चढत चढत त्याच्यापर्यंत येते, त्याला जोडली जाते, आणि एकदम तीन श्वास मिळतात. सगळा हिशेब उलटला! दूर बसलेल्या, वरवर पाहता निरुपयोगी अशा एका सोंगटीने इकडच्या लढाईचा निकाल फिरवला. हुशार मुलाला शिडी अर्ध्या तासात समजते. हे लक्षात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे.

एकावर एकशे सत्तर शून्ये

११ मे १९९७ रोजी ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव याला सामन्यात हरवले. हे यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत असे. त्याच वर्षी पीट हट या खगोलभौतिकी शास्त्रज्ञाने गोबद्दल असा अंदाज सांगितला की संगणकाला माणसाला हरवायला कदाचित शंभर वर्षे लागतील, कदाचित त्याहूनही जास्त. माणूस गणित जाणणारा होता; त्याने असे का म्हणावे?

आपणच हिशेब करू. दोन-गुणिले-दोन असा चार बिंदूंचा चिमुकला पट घ्या. प्रत्येक बिंदू रिकामा, काळा किंवा पांढरा; म्हणजे ३ × ३ × ३ × ३ = ८१ मांडण्या. यांपैकी ज्यांत एखाद्या साखळीला श्वासच नाही अशा मांडण्या वगळल्या की उरतात ५७. (वगळलेल्या २४ कोणत्या, ते वर्गात शोधा. सोपे आहे.) तीन-गुणिले-तीन पटावर हाच आकडा १२,६७५ होतो. आणि मोठ्या, १९ रेषांच्या पटावर? जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये ही मोजणी अचूक पूर्ण केली. उत्तर १७१ अंकी आहे. साधारणपणे दोनावर १७० शून्ये.

हा आकडा केवढा ते पाहा. दृश्य विश्वातील अणूंची संख्या साधारणपणे एकावर ८० शून्ये अशी मानतात. समजा, एखादा संगणक सेकंदाला एकावर १८ शून्ये इतक्या स्थिती तपासतो. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. त्याचे सेकंद होतात साधारण चारावर १७ शून्ये. म्हणजे विश्वाच्या आरंभापासून हे यंत्र चालू असते तरी आजवर चारावर ३५ शून्ये इतक्याच स्थिती पाहून झाल्या असत्या. सगळे पाहून ठरवू, हा मार्ग बंद.

बुद्धिबळातही सगळे पाहता येत नाही. पण तेथे थोडे पुढे पाहून थांबता येते आणि मोहरी मोजता येतात: वजीर गेला म्हणजे नुकसान मोठे, प्यादे गेले तर लहान. गोमध्ये सगळ्या सोंगट्या सारख्या! सोंगटीची किंमत तिच्या शेजाऱ्यांवर, आणि शिडीत पाहिले तसे, कधी फार दूरच्या सोंगटीवर अवलंबून. चांगला खेळाडू पट पाहून सांगतो की येथे काळ्याचे बरे आहे. कसे कळले, म्हणून विचारा. त्याला धड सांगता येत नाही. मग यंत्राला काय शिकवायचे?

यंत्राची शाळा

पहिली वाट एका जुन्या युक्तीतून निघाली. १९४०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथे न्यूट्रॉनचे मार्ग सूत्राने काढता येईनात, तेव्हा शास्त्रज्ञांनी सोडत काढावी तसे यादृच्छिक आकडे घेऊन हजारो काल्पनिक न्यूट्रॉन ‘चालवले’ आणि सरासरी पाहिली. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून या रीतीला माँटे कार्लो हे नाव पडले. २००६ मध्ये रेमी कुलोम या फ्रेंच संशोधकाने आपल्या गो खेळणाऱ्या कार्यक्रमात ती रीत बसवली. एखादी खेळी चांगली की वाईट? तेथून पुढे हजारो डाव जवळजवळ वेडेवाकडे खेळून शेवटापर्यंत न्यायचे आणि कोण जास्त वेळा जिंकले ते मोजायचे. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण यंत्रे एकदम सुधारली. तरीही अव्वल खेळाडूंपासून ती दूरच होती.

दुसरी वाट लंडनच्या ‘डीपमाइंड’ या संस्थेची. त्यांच्या ‘अल्फागो’ने माणसांनी खेळलेले हजारो डाव पाहून आधी अनुकरण केले, आणि मग स्वतःशीच खेळून ते ज्ञान पक्के केले. मार्च २०१६ मध्ये सोल येथे त्याची गाठ ली सेडोल या कोरियन खेळाडूशी पडली, ज्याच्या नावावर अठरा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदे होती. यंत्राने सामना ४-१ असा जिंकला. दुसऱ्या डावातील त्याची सदतिसावी खेळी पाहून जाणकार चक्रावले. माणूस तेथे खेळण्याची शक्यता यंत्राच्याच हिशेबाने दहा हजारांत एक होती. चौथ्या डावात लीने अठ्ठ्याहत्तरावी खेळी अशीच अनपेक्षित केली आणि तो डाव जिंकला. पाच डावांतला तो एकच. पण मला त्या सामन्यातले काही पुन्हा पाहावेसे वाटले तर तोच पाहतो.

पीट हट यांची शंभर वर्षे एकोणिसातच संपली. पण गंमत त्यापुढेच आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘अल्फागो झीरो’ आला. याला माणसांचा एकही डाव दाखवलेला नव्हता. फक्त नियम, म्हणजे तुम्ही आत्ता शिकलात तेवढेच. पहिल्यांदा तो वेड्यासारखा कोठेही सोंगट्या टाकत असे. तीन दिवसांत तो स्वतःशी ४९ लाख डाव खेळला, आणि लीला हरवणाऱ्या यंत्राला त्याने शंभरपैकी शंभर डावांत हरवले. तुम्ही रोज पाच डाव खेळलात तर ४९ लाख डावांना सुमारे २,६८५ वर्षे लागतील!

आणि या सर्वांत शिडीचे काय झाले? संशोधकांनीच नवल म्हणून नोंदवले आहे की माणसे जी शिडी अगदी सुरुवातीला शिकतात, ती या यंत्राला शिक्षणात बऱ्याच उशिरा उमगली. अवघड डावपेच आधी आले, पहिलीचा धडा नंतर. आपण शिडी समजून घेतो तेव्हा एक कारण पकडतो, की प्रत्येक पायरीवर तीच गोष्ट पुन्हा घडते. म्हणून शेवट न खेळताही दिसतो. यंत्राकडे कारण नव्हते, सवय होती. सवय लागायला डाव फार लागतात.

याहून चमत्कारिक प्रकार २०२३ मध्ये उघड झाला. तोवर ‘काटागो’सारखे कार्यक्रम अव्वल खेळाडूंच्याही पुढे गेले होते. संशोधकांनी त्याच्या उणिवा शोधण्यासाठी दुसरा संगणक कामाला लावला, आणि एक फट सापडली. यंत्राला आपल्या सोंगट्यांचे मोठे कडे करू द्यायचे, आणि मग हळूहळू ते कडे बाहेरून वेढत जायचे. कड्याचे श्वास संपत आले तरी यंत्राला धोका कळत नसे! एका हौशी खेळाडूने ही युक्ती शिकून घेतली आणि संगणकाच्या मदतीवाचून अशा बलाढ्य यंत्राविरुद्ध पंधरापैकी चौदा डाव जिंकले. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या, तरी नव्या फटी सापडत राहिल्या. आठ चिंचोक्यांचे आपले कडे आठवते ना? तेरा श्वास तुम्ही बोटाने मोजलेत. जगज्जेत्यांना हरवणारे यंत्र नेमके तेच मोजायला चुकत होते.

शिक्षकांसाठी थोडे. वर्गात या खेळाला साहित्य जवळजवळ लागत नाही आणि लहान पटावरचा डाव ऑफ तासाला पुरतो. एक मूल तयार आणि दुसरे कच्चे असेल तर कच्च्याला काळ्या सोंगट्या द्या आणि ३-३, ७-७, ३-७, ७-३ या चार बिंदूंपैकी दोन, तीन किंवा चारही ठिकाणी त्या आधीच मांडू द्या. जिंकणाऱ्याची सवलत दर दोन डावांनी एकेका सोंगटीने कमी करत जा. गो खेळणाऱ्यांत एक जुना सल्ला चालत आलेला आहे, की पहिले पन्नास डाव लवकरात लवकर हरून मोकळे व्हावे.

आणि मुलांनो, डाव मांडण्याआधी एक कोडे. कोपऱ्यात दोन डोळ्यांची अमर साखळी करायला सहा सोंगट्या पुरतात. मांडून दाखवा. ते जमले की कडेला प्रयत्न करा. तेथे आठ पुरतात. पटाच्या मध्यभागी दहांत जमते, पण त्यासाठी दोन डोळे एका रेषेवर नव्हे, तिरके ठेवावे लागतात.